कारवीचं कुंपण

भाद्रपदात कारवी फुलली तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. सूनबाईनं मोबाइलवर फोटो दाखवला होता. आहुप्याकडचा सगळा डोंगर जांभळा. "आई, बघा तुमचं माहेर," ती म्हणाली. मी "छान आहे" म्हणाले आणि पुन्हा कांदे निवडायला बसले. पण हातातला कांदा चांगला की सडका, ते मला कळेना.

कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते. माणसाच्या डोक्यावर जाते, इतकी दाट होते की तिच्यातून बकरीलासुद्धा वाट मिळत नाही. मग एका वर्षी सगळ्या डोंगरावर एकदम फुलते, आणि फुलून झालं की एकदम मरते. उभ्याउभ्या. माघ लागला की डोंगरावर नुसत्या करड्या, वाळक्या काठ्या राहतात. फुलं बघायला पुण्याहून गाड्या येतात, वाळलेली कारवी बघायला कुणी येत नाही. मला मात्र फुलं दिसली की त्यांच्यामागचा फाल्गुनच दिसतो. एक फाल्गुन. त्यानंतर कितीतरी आले नि गेले, पण माझ्या पोटात तोच एक राहिला आहे.

हे मी कुणाला कधी नीट सांगितलेलं नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहिते.

आमची वाडी आहुप्याच्या अलीकडं. वाडीच्या मागं एक उतरण होती, तिला आम्ही पोरं घसरट म्हणायचो. बाकीच्या माळावरचं गवत दिवाळीनंतर कापून नेत, पण घसरट इतकी उभी की तिथं कोयता घेऊन कुणी उतरत नसे. त्यामुळे तिथलं गवत तसंच वाळायचं, आडवं पडायचं, आणि उन्हानं असं गुळगुळीत व्हायचं की अनवाणी पायसुद्धा ठरायचा नाही. उतरणीच्या मध्यावर एक फुगवटा होता. वर उभं राहिलं की त्या फुगवट्यापर्यंतच दिसायचं, खालचं काही दिसायचं नाही. खाली कारवीची दाट पट्टी. कारवीच्या पलीकडं थोडा उघडा कातळ. आणि कातळाच्या पलीकडं काहीच नाही. कडा. त्याच्या पायथ्याशी कोकण.

मोठी माणसं पोरांना तिथं जाऊ कशी देत, असं आज कुणीही विचारील. पण तेव्हा कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. घसरत आलेलं पोर कारवीत जाऊन अडकायचं, हातापायाला ओरखडे यायचे, बस्स. आई शेणानं हात भरलेले असताना दारातून ओरडायची, "घसरटीवर जाऊ नका गं!" आणि लगेच शेजारीण म्हणायची, "जाऊंद्या वो, खाली कारवी हाय की." या एका वाक्यावर आमच्या वाडीतली सगळी पोरं मोठी झाली.

खेळायला विकतचं काहीच नव्हतं. चिंध्या गुंडाळून केलेला चेंडू, कपडे धुवायचं धोपाटणं म्हणजे बॅट, फुटक्या कौलांच्या खापऱ्या रचून लगोरी. पावसाळ्यात पायाखाली बांबू बांधून चिखलातून उंच उंच चालायचं. आणि घसरायला जुनी इरली. इरलं म्हणजे पावसात पाठीवर घेऊन भातलावणी करायचं, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं टोपण. एका पावसाळ्यात त्याची पानं कुजून जात, पण कामट्यांचा सांगाडा शाबूत राही. तो उलटा टाकला की होडीसारखा दिसायचा. त्यात बसायचं आणि पाय वर घ्यायचे.

मी नेहमी आक्काच्या मागं बसायची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण हौसा. इरलं सुटायच्या आधीच मी डोळे मिटून तिच्या पाठीत तोंड खुपसायची. तिच्या पोलक्याला चुलीच्या धुराचा वास यायचा. मला घसरण्यातलं एवढंच माहीत आहे, धुराचा वास आणि पोटातून वर येणारी कळ. बाकी घसरट कशी होती, ते उघड्या डोळ्यांनी मी कधी बघितलंच नाही. खाली कारवीत कडाकडा आवाज करत आम्ही शिरायचो. त्या आवाजाबरोबर आक्का मोठ्यानं हसायची. तिचं हसणं ऐकलं की मी डोळे उघडायची.

"मेलीस का जिती हायेस, कोंडे?" ती विचारायची.

"जिती."

"मंग चल, पुन्यांदा."

कारवीतून पलीकडं वाकून आम्ही कधीतरी कड्याकडं बघायचो. कोकणातून वारा वर चढून येतो, त्यानं कातळावर उभं राहवत नाही. आम्ही कारवीची पानं मुठीत घेऊन कड्यावरून फेकायचो आणि ती पानं थोडी खाली जाऊन वाऱ्याबरोबर परत आमच्या डोक्यावरून उडायची. त्यामुळे लहान असताना माझी एक समजूत होती. कड्यावरून पडलेलं सगळंच वर येतं.

परवा टीव्हीवर बर्फातले खेळ चालले होते. माणसं पायाला लांब फळ्या बांधून डोंगरावरून खाली येत होती, वाकत, वळत, मागं बर्फाचा धुरळा. माझी नात स्वरा माझ्या मांडीला टेकून बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "अशा फळ्या आमच्या आक्कानं केल्या होत्या."

"हौसाआजीनं? स्कीइंगच्या?"

"आम्ही घसरफळ्या म्हणायचो."

झालं. स्वरानं त्याच वेळी सुनेचा फोन घेतला आणि आक्काला लावला. आक्का वरच असते, आमच्या वाडीला लागूनच तिचं सासर. तिकडून तिचा आवाज सगळ्या घरात ऐकू आला. "आजीला म्हन, पोरीला घिऊन ये. बांबू हाय घरात. दोन रोजात करती." मी फोन घेतला आणि म्हणाले, "आक्का, नको. यंदा कारवी फुलून गेली ना."

मग ती म्हणाली, "मला ठाव हाय." आणि फोन ठेवला.

त्या घसरफळ्या अशा झाल्या होत्या. आमचा बा इरली विणायचा. शिमग्यापासून मिरगापर्यंत आमच्या ओसरीत बांबूच बांबू. ओला बांबू निखाऱ्यावर धरून हळूहळू वाकवायचा, वाकला की दगडाखाली दाबून ठेवायचा, थंड झाला की तो तसाच राहतो. हे आक्का बघून बघून शिकली. तिनं जाड बांबू मधोमध चिरून दोन फळ्या काढल्या, त्यांचं एकेक टोक निखाऱ्यावर वाकवून वर उचललं, बैलाच्या शिंगासारखं. बांबूची पाठ खाली, कारण ती गुळगुळीत. त्यावर खुरासणीचं तेल चोळलं. पाय बांधायला वाखाच्या दोऱ्या. बसून तर सगळेच घसरतात, आपण उभ्यानं जायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा. पोरीनं आता पाय आवरून बसावं असं आई रोज म्हणायची, आणि ही पायाला फळ्या बांधून अंगणात तोल सावरायला शिकत होती.

"मोडशील तंगडी, मंग कोन करंल तुला?" आई म्हणायची.

"मंग तर बरंच हाय," आक्का म्हणायची.

फळ्या तयार झाल्या आणि नेमकी मामाच्या गावची जत्रा आली. आम्ही दोघी मामाकडं गेलो. फळ्या माळ्यावर ठेवल्या. जत्रेत आक्काचं लक्ष नव्हतं, तिला कधी एकदा घरी येतोय असं झालं होतं. परत आलो ते माळ्यावरच्या फळ्या आणि एक जुनं इरलं घेऊन थेट घसरटीवर. मी तिच्या मागं, पाणी न पिताच.

मधल्या दिवसांत वाडीत काय झालं होतं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं कुणाला वाटलंच नाही. कारवी फुलून वाळली की त्या वर्षी घरोघरी कूड बदलतात. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या ओळीनं उभ्या बांधून, वरून शेणमातीनं लिंपलेली भिंत. वाळलेली कारवी पावसाच्या आत तोडली तरच कामाची, नाहीतर पावसात कुजून जाते. मग सगळी वाडी कोयते घेऊन एकदमच निघते. आणि जवळची, सरळ, उंच कारवी कुठली, तर घसरटीखालची. तिथं कडेच्या पायवाटेनं वळसा घालून जाता यायचं. पुरुषांनी तोडली, बायकांनी मोळ्या वाहिल्या. इतक्या माणसांतल्या एकालाही आठवलं नाही की हे पोरांचं कुंपण आहे. कारवी आहे की, असं म्हणणाऱ्या त्या शेजारणीनंही त्यातलीच मोळी डोक्यावरून नेली होती.

आक्कानं फळ्या बांधल्या. मला म्हणाली, "तू हितंच बस. खालनं हाळी दिली की इरलं घिऊन ये." आणि ती गेली. उभी. हात पसरून, थोडी वाकून. पदर कमरेला खोचलेला. फुगवट्यापर्यंत मला ती दिसली. इतक्या वेगानं जाणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मग फुगवट्यापलीकडं ती बुडाली.

मी कान देऊन बसले. आधी गवताची सळसळ, मग कारवीची कडाकडा, मग हसणं, हा क्रम मला पाठ होता. सळसळ झाली. कडाकडा झालीच नाही.

त्या दिवसापासून मला मोठ्या आवाजाची भीती वाटत नाही. आवाज यायला हवा आणि येत नाही, याची वाटते. मुलगा टेंपो घेऊन आळेफाट्याला जातो आणि फोन लागत नाही. स्वरा मोरीत आहे आणि पाण्याचा आवाज थांबला. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या, तेव्हा त्यांचा श्वास ऐकत बसायची. सून म्हणते, आई, तुम्ही उगीच घाबरता. उगीच नाही. मी ते ऐकलं आहे. म्हणजे, न आलेलं ऐकलं आहे.

मी बसून, हातापायांनी, गवत धरत धरत खाली गेले. फुगवटा ओलांडला आणि समोर कोकण दिसलं. जिथं कारवी असायची तिथं उघडं आभाळ होतं. जमिनीवर कोयत्यानं तिरके तोडलेले खुंट, वीत वीत उंच. आणि त्या खुंटांमध्ये आक्का पालथी पडलेली. दोन्ही मुठींत दोन खुंट धरलेले. तिच्या कमरेखालचा भाग कातळावर होता. एका पायाला फळी होती, दुसऱ्या पायाला नुसती तुटलेली दोरी.

"कोंडे, उभी ऱ्हाऊ नको," ती म्हणाली. "बस. बसूनच ये." तिचा तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. मोठ्या माणसासारखा होता.

मी पोटावर झोपून तिचं मनगट धरलं. माझ्या धरण्यानं काय होणार होतं, पण धरलं. ती हळूहळू वर सरकली. खुंटांनी तिचे तळहात फाटले होते. वर आली आणि आम्ही दोघी गवतात पडून राहिलो. वारा खालून वर येत होता, त्यात कारवीची वाळकी पानं उडत होती. मी वाट बघत होते. फळी आता वर येईल, पानं येतात तशी येईल. ती आली नाही. पडल्याचा आवाजही आला नाही. तेव्हा मला कळलं की पानं परत येतात ती पानं असतात म्हणून.

"गेली गं फळी कोकनात," आक्का म्हणाली. "कुना कोळनीला घावली तर मासं भाजंल तिच्यावर." आणि हसायला लागली. हसता हसता तिचे दात वाजत होते.

घरी आल्यावर आईनं तिचे हात बघितले आणि काही न विचारता हळद भरली. बा बाहेरून आला, त्यानं एकच फळी बघितली, आमच्या तोंडाकडं बघितलं आणि तसाच घसरटीकडं गेला. परत आला ते ओसरीत भिंतीकडं तोंड करून बसला. नवा कूड उभा केला होता, लिंपण अजून ओलं होतं. बराच वेळ तो त्या भिंतीवर हात फिरवत होता, जसा बैलाच्या पाठीवर फिरवतात. जेवायला बोलावलं तेव्हा एवढंच म्हणाला, "पैला कोयता म्याच घातला."

त्या भिंतीला लागून माझं अंथरूण असायचं. लग्न होईपर्यंत मी तिच्याकडं पाठ करून झोपले. लिंपणाला भेगा पडल्या की आतल्या काठ्या दिसायच्या. ज्यांनी आम्हाला अडवायचं, त्या आमच्या घरात येऊन उभ्या होत्या. घर चांगलं होतं, उबदार होतं, वारा आत येत नव्हता. तरी मला वाटायचं की ही भिंत इथं आहे म्हणजे तिथं नाही.

पुढच्या पावसात कारवीचं बी उगवलं. बोटभर रोपं. वाडीनं पोरांना घसरट बंद केली, कारवी वाढेपर्यंत. रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत आक्काचं लग्न झालं. रोपं खांद्याला लागली तेव्हा माझं झालं आणि मी मंचरला आले, बाजारात, ट्रकांच्या आवाजात, कांद्याच्या वखारीत. कारवी पुन्हा डोक्यावर गेली तेव्हा घसरायला आमच्यातलं कुणीच नव्हतं.

स्वरानं रविवारपर्यंत घर डोक्यावर घेतलं. मी नाही म्हणाले. सून म्हणाली, "आई, ती मोबाइल सोडून पहिल्यांदा काहीतरी मागतेय." मुलगा म्हणाला, "मावशी काय वेडी आहे का तिला कड्यावर न्यायला?" मला त्यांना सांगायचं होतं की तेव्हाही कुणी वेडं नव्हतं. सगळी शहाणी माणसं होती. पण ते मला बोलता आलं नाही. मी फक्त म्हणाले, "मग मीपण येते."

घोडेगाव गेलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी लागलं, एसटी वळणं घेत चढायला लागली. स्वरा खिडकीत. मी डोंगराकडं बघत होते. कारवी सगळीकडं उभी होती, करडी, वाळलेली. आता तिकडं विटांची घरं झाली, कूड कुणी घालत नाही, त्यामुळे ती कुणी तोडतही नाही. लांबून अगदी दाट कुंपण दिसतं. पण वाळून ठिसूळ झालेली ती, तिला जोराचा धक्का बसला की कडकन मोडते. मला ते तोडलेल्यापेक्षा जास्त भयंकर वाटलं. तोडलेली निदान नाही म्हणून दिसते.

आक्का अंगणात बसली होती. बाजूला दोन फळ्या, लहान, स्वराच्या पायाच्या मापाच्या. टोकं तशीच वर वाकलेली. तेलाचा वास.

"हौसाआजी, त्या डोंगरावर जायचं ना?" स्वरानं विचारलं.

"कुठल्या? न्हाई बाय. आपली खाचराच्या वरची उतरन बास." आक्कानं हातानं दाखवलं. भाताच्या खाचरांवर एक बुटकी उतरण होती, खाली बांध, बांधाला पेंढ्याचे भारे रचून ठेवलेले. सगळी उतरण अंगणातून दिसत होती, मध्ये फुगवटा नव्हता.

स्वरा फळ्या घेऊन पुढं पळाली. मी आक्काजवळ बसले. "तू गेली होतीस का परत घसरटीवर?"

"न्हाई."

"एवढी वर्षं इथंच राहतेस आणि?"

"गुरं वळायला पन त्या अंगाला गेली न्हाई. सासू म्हनायची, तिकडं चारा बरा हाय. म्या म्हनायची, मला ऊन लागतंय." तिनं हात उघडून माझ्यापुढं धरले. तळहातांवरचे व्रण आता सुरकुत्यांत मिसळले आहेत, पण हात लावला की कळतात.

"मला वाटायचं, तुला भीती नाहीच वाटत."

"तुझं तोंड बघून मला हसावं लागायचं. दोगी भ्यालो असतो, तर घरी कोन आलं असतं?" ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळू. "चल. पेंढा हाय, पर पेंढ्यावर माझा भरवसा न्हाई."

आम्ही बांधाच्या अलीकडं, पेंढ्याच्या पुढं जाऊन उभ्या राहिलो. दोन म्हाताऱ्या, उतरणीकडं तोंड करून. खाचरात धसकटं होती, माझ्या चपलेत एक घुसलं तरी मी हलले नाही. आक्कानं माझा हात धरला आणि दुसरा हात बाजूला पसरला. मीही पसरला. वाळक्या काठ्यांसारखे आमचे हात. एक पोर आलं तर अडेल की आम्हीच मोडू, हे मला माहीत नव्हतं. वर स्वरा उभी होती, फळ्या बांधलेली, फार लहान दिसत होती. वारा होता.

"आजी, येऊ का?" तिनं वरून विचारलं.

मी आक्काकडं बघितलं. "तूच सांग," आक्का म्हणाली. "तुझी नात हाय."

उघड्या माळावर, सगळ्या खाचरांना ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. मी जन्मात तसं ओरडले नव्हते. नको म्हणाले असते, तरी ते तेवढ्याच मोठ्यानं म्हणावं लागलं असतं.

"ये!"

गवत सळसळायला लागलं. मी डोळे उघडे ठेवले.